खाज एकाला, मलम सगळ्या घराला

पारोळ्याच्या वस्तीत एका गोधडीत दोन-तीन लेकरं झोपतात. त्यांतल्या एकाच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ येऊन रात्री जास्त खाज सुटत असेल, तर ती बहुधा खरूज. लाज कसली? डोळ्याला सहज न दिसणारा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो; रोज अंघोळ करणाऱ्यालाही तो सोडत नाही. पहिल्या लागणीत खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून आज न खाजवणाऱ्या आजीलाही मलम लावायचे. आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण बहुतेक घरे इथेच चुकतात.

डॉक्टर सहसा ५ टक्के परमेथ्रिन देतात. सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे, ८ ते १४ तासांनी धुवावे, आठवड्याने पुन्हा लावावे. गरोदर बाई व तान्ह्या बाळासाठी आधी विचारावे. कपडे, गोधड्या गरम पाण्यात धुवाव्यात. किडे मेल्यावरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते, घाबरू नका.

दुकानातून मनाने स्टेरॉइडची ट्यूब आणू नका. तिने खरूज झाकली जाते, गजकर्ण पसरते. पुरळ नसताना अंगभर खाज असेल तर साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड तपासावे लागते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पारोळ्याच्या कुटीर रुग्णालयात जाताना घरात किती माणसे ते सांगा आणि मलम तेवढ्यांचे मागा.