मनाची एनओसी कोण देणार?

टॉवर उभा करायचा तर फायर ब्रिगेडपासून विमानतळापर्यंत सगळ्यांची परवानगी लागते. पण तिथे राहायला जाणाऱ्या माणसांच्या मनाचं काय होणार, असा कॉलम कुठल्या फॉर्मवर पाहिलाय?

‘‘ये ना गं घरी, आता पार्किंगपण आहे!’’ मैत्रिणीचा फोन आला आणि एका रविवारी मी तिच्या नव्या घरी धडकले. गिरणगावातली तिची चाळ पडली, तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि शेवटी हातात चावी आली. मजला चौदावा. अॅटॅच्ड टॉयलेट, चकाचक ओटा, आणि बेडरूमच्या खिडकीतून मान जरा वाकडी केली की समुद्राची एक पट्टीसुद्धा. मी आपली ‘वॉव’, ‘सही’ करत फिरतेय, तर तिची आई दाराशी खुर्ची टाकून बसलेली. मुख्य दार सताड उघडं, सेफ्टी डोअर तेवढं लावलेलं.

‘‘काकू, इथे का बसलात?’’

‘‘अगं, कुणी जातंय-येतंय का बघते. पण इथे कुणी जात-येतच नाही बाई. लिफ्टमधून उतरतात आणि सरळ घरात. तू आलीस, बरं झालं. बस, चहा टाकते.’’

चाळीत हीच बाई गॅलरीतली हेडऑफिस होती. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचं पोर नापास, कुणाच्या गुडघ्याला काय लावायचं, सगळं हिला ठाऊक. आता काकूंना थेट असं विचारलं, की नवं घर आवडलं का, तर त्या ‘हो’च म्हणतील. आणि ते खोटंही नसेल.

चहा घेऊन मैत्रिणीची वहिनी आली. निघताना तीच मला लिफ्टपर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, ‘‘ताई, खरं सांगू? लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदा मला आतून कडी लावता येणारी खोली मिळालीय. झोप लागते हो मला आता.’’

घर एक, प्रोजेक्ट एक, बिल्डर एक. सासूचं मन मिटलं आणि सुनेचं उमललं. ब्रोशरमध्ये मात्र फक्त स्क्वेअर फूट.

सगळं मोजतो, हेच नाही

आपल्याकडे परिणाम मोजायचे कायदे नाहीत असं नाही. २००६ च्या ‘ईआयए’ नोटिफिकेशननुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. हवा, पाणी, आवाज, ट्रॅफिक सगळ्याची आकडेमोड होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तर ‘सामाजिक परिणाम मूल्यांकन’ आहे. त्यातली यादी वाचण्यासारखी आहे. रस्ते, सांडपाणी, रेशन दुकान, पोस्ट ऑफिस, अंगणवाडी, बगीचा, देऊळ-मशीद, अगदी स्मशानभूमी आणि कब्रस्तानसुद्धा. माणूस मेल्यावर कुठे जाईल याचा विचार झालाय. जिवंतपणी त्याला एकटं वाटेल का, हा मुद्दा मात्र यादीत नाही.

बरं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २९ व्या कलमात सरकारवर एक कर्तव्य टाकलंय. मानसिक आरोग्य वाढावं आणि आजार टळावेत यासाठी कार्यक्रम आखायचे. आपण हे वाचतो आणि डोळ्यापुढे येतं ते हेल्पलाइनचं पोस्टर. पण चाळीचा टॉवर करणं, मेट्रोसाठी रस्ता खणणं, वस्ती उचलून शहराच्या टोकाला नेणं, हेसुद्धा मनावर काम करणारे ‘कार्यक्रम’च की! फक्त त्यांच्या फाइलवर ते लिहिलेलं नसतं.

लिव्हरपूलवाले काय करतात?

इंग्लंडमध्ये २००० नंतरच्या दशकात काही आरोग्य संस्था, कौन्सिलं आणि विद्यापीठातले लोक यांनी मिळून यासाठी एक पद्धत तयार केली. नाव लांबलचक आहे, मेंटल वेलबीइंग इम्पॅक्ट असेसमेंट. लिव्हरपूल २००८ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होणार होतं, त्या संपूर्ण कार्यक्रमावरही हा प्रयोग झाला. म्हणजे बघा, नुसत्या फेस्टिव्हलसाठीसुद्धा कुणीतरी विचारलं की याने शहरातल्या माणसांना बरं वाटेल का, आणि नक्की कुणाला? २०११ मध्ये या पद्धतीचं सविस्तर टूलकिट निघालं.

पद्धत ऐकायला सोपी आहे. आधी चाळणी लावायची, म्हणजे या प्रोजेक्टला एवढी मेहनत हवी का ते बघायचं. मग ज्यांच्यावर परिणाम होणार ते रहिवासी आणि जे प्रोजेक्ट करणार ते अधिकारी यांना एका खोलीत बसवायचं. (आपल्याकडे हीच पायरी सगळ्यात अवघड, हे मान्य!) तिथे चर्चेला तीन मोठे विषय. आपल्या आयुष्यावर आपला ताबा वाढतोय की कमी होतोय? अडचणीत उभं राहण्याची ताकद आणि शेजारपाजाराचा आधार टिकतोय का? आणि सगळ्यांना यात सहभाग मिळतोय, की काही जण बाहेरच राहतायत? त्यातून सूचना काढायच्या आणि पुढे त्या पाळल्या गेल्या का, हे तपासायला खुणा ठरवायच्या.

पहिला विषय, ताब्याचा, वाटतो त्यापेक्षा फार खोल आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास लोकांना कर्कश आवाजात कामाला बसवलं होतं. काहींना एक बटण दिलं आणि सांगितलं की हे दाबलं की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेल्या कामात बटण असलेल्यांची कामगिरी बिनबटणवाल्यांपेक्षा बरीच चांगली होती. आवाज तेवढाच. फरक काय तो ‘मला थांबवता येईल’ एवढ्याचाच.

आता हे कुलाबा-सीप्झ मेट्रोला लावून बघा. कफ परेडचे रहिवासी रात्रीच्या आवाजाविरुद्ध कोर्टात गेले. २०१७ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानं रात्री १० ते सकाळी ६ काम थांबवायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी ही बंदी उठली. ऑक्टोबर २०२५ पासून ३३.५ किलोमीटरची ही पूर्ण लाइन सुरू आहे आणि आपण सगळे एसीत बसून खूश आहोत. खुशाल असावं, मीही त्यातलीच. पण ज्यांनी कित्येक रात्री खिडक्या गच्च बंद करून काढल्या त्यांच्या हातात बटण कुठलं होतं? वकील. तेही ज्याला परवडतो त्याच्या.

अहमदाबादची सोडत

‘हे सगळं भरल्या पोटाचे चोचले आहेत, आधी डोक्यावर छप्पर तर द्या’, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक देशी उदाहरण. १९८७ मध्ये अहमदाबादेत गरीब कामगार बायकांसाठी सवलतीच्या घरांची सोडत निघाली. घरं चांगली, पण शहराच्या मध्यापासून १२ किलोमीटर लांब. १४ वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी सोडत जिंकलेल्या आणि हरलेल्या, दोन्ही कुटुंबांना गाठलं. जिंकणाऱ्यांची घरं चांगली होती, पण उत्पन्नात फरक शून्य, मुलांच्या प्रगतीत फरक शून्य. उलट नातेवाइकांपासून आणि जातभाईंपासून ते तुटले होते, अडीअडचणीला हात देणारं माणूस कमी झालं होतं. ३४ टक्के विजेते तिथे राहायला गेलेच नाहीत आणि ३२ टक्के जाऊन परत आले. लॉटरी लागलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी बक्षीस टाकून दिलं!

म्हणजे मनाचा हिशेब न करता केलेला प्रोजेक्ट पैशांच्या हिशेबातही फसतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण नुसते ‘गेले ते चाळीचे दिवस’ म्हणत बसू. अमेरिकेत १९९४ ते ९८ दरम्यान पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर ‘मूव्हिंग टू अपॉर्च्युनिटी’ हा प्रयोग झाला. काहींना चांगल्या वस्तीत जायला भाड्याची मदत मिळाली. मोठ्यांची कमाई फारशी वाढली नाही, पण त्यांचं मन शांत झालं, निराशा कमी झाली. वयात येणाऱ्या मुलींनाही फायदा झाला. आणि मुलगे? त्यांच्यात डिप्रेशनसारखे त्रास वाढलेले दिसले. एकाच छपराखाली बहीण सावरली, भाऊ बिघडला. मैत्रिणीच्या घरची सासू-सून आठवली की नाही?

म्हणून ‘लोक खूश आहेत का’ हा प्रश्नच मुळात कच्चा. कोण खूश, कोण नाही आणि का, हे वेगवेगळं विचारायला लागतं.

एक चिठ्ठी, चार घरं

हे आत्ताच का बोलायचं? कारण वेळ हीच आहे. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींमधल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये लोक जायला लागलेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं जी माणसं आडवी शेजारी होती ती आता उभी शेजारी होणार. ५०० फूट मिळालेच पाहिजेत, त्यात वादच नाही. पहाटे पाचला डबा घेऊन रांगेत उभं राहणं ज्यांनी केलंय त्यांना चाळीचं रोमँटिक वर्णन ऐकवायला जाऊ नका, मार खाल.

पण थोडं डोकं चालवलं तर स्वस्तात बरंच होतं. बऱ्याच पुनर्वसन इमारतींत कुणाला कुठला मजला हे सोडतीनं ठरतं. ठीक आहे, घोटाळे होत नाहीत. मग प्रत्येक घराची वेगळी चिठ्ठी कशाला? ज्यांना शेजार टिकवायचाय अशा चार घरांची मिळून एक चिठ्ठी टाका. सोडत तशीच राहील आणि काकूंच्या मजल्यावर तीन ओळखीची दारं येतील. लिफ्टसमोरच्या लॉबीत भिंतीला एक बाक लावा. मेंटेनन्स किती येणार हे चावी देताना नाही, दोन वर्षं आधी सांगा. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाची झोप त्या आकड्यापेक्षा आकडा माहीत नसल्यानं जास्त उडते. यातल्या कशालाही सल्लागार कंपनी लागत नाही. दोन तासांची मीटिंग आणि ऐकून घ्यायची तयारी पुरे.

परवा मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. काकूंनी म्हणे आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून लिफ्टसमोर टाकली. चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या दोघी आपापल्या खुर्च्या घेऊन वर आल्या. मग निवडायची मेथी आली, मग कुणाची तरी नात आली. दहाव्या दिवशी सोसायटीची नोटीस लागली, ‘लॉबीत बसण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’

‘‘वहिनीनं कमिटीला पत्र लिहिलंय,’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘सगळ्या मजल्यांवर फिरून सह्यासुद्धा ती गोळा करतेय. अठ्ठावीस झाल्यात. रविवारी मीटिंग आहे.’’