दुकान सांभाळून देशसेवा
नागपूर-हैदराबाद महामार्गावरील वडनेरसारख्या गावात दुकान चालविणाऱ्या पदवीधर तरुणालाही सेनाधिकारी होता येते. 9 ऑक्टोबर 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या प्रादेशिक सेनेची अटच अशी, की अर्जदाराला स्वतःचा नोकरी-व्यवसाय असलाच पाहिजे. वयोमर्यादा 18 ते 42 वर्षे. लेखी परीक्षा, मुलाखत, निवड मंडळाची पाच दिवसांची कसोटी व वैद्यकीय तपासणी पार पडूनही अंतिम गुणवत्ता यादीची प्रतीक्षा उरतेच. हाच काळ सर्वांत कठीण. घरच्यांनी रोज निकाल विचारू नये. उधारी येईपर्यंत व्यापारी दुकान बंद ठेवत नाही. उमेदवारानेही गादी सोडू नये. निवड झाली तरी ही पूर्णवेळ नोकरी नव्हे. वार्षिक प्रशिक्षण आटोपून गल्ल्यावर त्यालाच बसायचे आहे.