हायकू : मोजणी आणि क्षण

मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने शिरीष पै यांना दिले जाते. ५-७-५ ही मोजणी आपण पाठ करतो. परंतु जपानीत मोजतात ती अक्षरे नव्हेत, मात्रेसारखी एकके होत. 'ओसाका' आपल्याला तीन अक्षरी, जपानी कानाला मात्र चार एककांचा; तेथील 'ओ' दीर्घ आहे. आपली अक्षरमोजणी ही सोय आहे, कसोटी नव्हे. अकोल्याकडील कापूसवेचणीवर मी रचलेले उदाहरण पाहा :

फुटले बोंड
वेचत्या बोटावर
रक्ताचा थेंब

बोंडाची सुकलेली टोके बोचतात, हे येथे सांगितलेले नाही. पहिल्या खर्ड्यात 'कष्ट' हा शब्द होता (मोह मलाही आवरला नव्हता). त्याने थेंब झाकला जात होता. आपल्या हायकूतील भावनावाचक शब्द खोडा आणि उरलेले मोठ्याने वाचून पाहा.