क्षयाची लस, मूत्राशयाचे रक्षण

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी वसलेल्या बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेली, तेव्हा १७४२ मध्ये भयभीत नागरिकांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. त्याची ही आठवण. खंदक अपुराच राहिला आणि मराठेही शहरात आले नाहीत. आज मात्र महाराष्ट्रात तयार होणारी एक लहानशी कुपी देशातील रुग्णांच्या उपयोगी पडत आहे. ती आहे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, मूत्राशयाच्या कर्करोगावरील बीसीजी.

बीसीजी म्हणजे नवजात बालकाच्या दंडावर टोचली जाणारी क्षयाची लस. काल्मेट व गेरँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ पासून तेरा वर्षे, २३० वेळा पुनःपुन्हा वाढवून गुरांच्या क्षयाचा जंतू सौम्य केला; ‘सी’ आणि ‘जी’ ही त्यांचीच आद्याक्षरे. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांच्या मूत्राशयात ती सोडून पाहिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लशीच्या एका पेटीत सहा कुप्या येत, म्हणून त्यांनी आठवड्याला एक याप्रमाणे सहा मात्रा दिल्या. तोच क्रम आजही प्रचलित आहे.

प्रारंभिक अवस्थेत हा रोग मूत्राशयाच्या अस्तरापुरता मर्यादित असतो. दुर्बिणीच्या साह्याने गाठ काढता येते. परंतु ती पुन्हा उद्भवण्याची खोड मोठी असते. म्हणून नळीवाटे बीसीजी सोडून सुमारे दोन तास आत ठेवतात. सौम्य जंतूंच्या चाहुलीने शरीराच्या संरक्षक पेशी तेथे जमतात आणि कर्कपेशींवरही तुटून पडतात. हीच इम्युनोथेरपी.

तथापि काही रुग्णांत बीसीजी निष्प्रभ ठरते. अशा वेळी संपूर्ण मूत्राशय काढून टाकणे हाच प्रस्थापित सल्ला. त्यानंतर मूत्र पोटावरील पिशवीत साठवावे लागते किंवा आतड्यापासून नवी पिशवी घडवावी लागते. वृद्ध रुग्णास ही शस्त्रक्रिया पेलेलच असे नाही. नव्या चाचण्यांचे मोल यातच आहे.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत जनुकीय फेरफार करून घडविलेल्या व सीरम इन्स्टिट्यूटने पुढे नेलेल्या ‘व्हीपीएम १००२’ या सुधारित बीसीजीची चाचणी स्वित्झर्लंड व जर्मनीत झाली. जुनी बीसीजी निष्फळ ठरलेल्या ४० रुग्णांना ती देण्यात आली. साठ आठवड्यांनंतर सुमारे ४९ टक्के रुग्णांच्या मूत्राशयात रोग परतला नव्हता. अमेरिकेत २०२० मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या औषधास मान्यता मिळाली. चाचणीतील ९६ रुग्णांपैकी ४१ टक्क्यांमध्ये रोगाचा मागमूस उरला नाही. २०२४ मध्ये बीसीजीसोबत द्यावयाच्या आणखी एका औषधास मान्यता मिळाली. तेथे हे प्रमाण ७७ रुग्णांत ६२ टक्के होते. या चाचण्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रुग्णही सारख्या स्थितीतील नव्हते. त्यामुळे कोणते औषध श्रेष्ठ, हे या आकड्यांवरून ठरविता येत नाही.

औषधे कितीही सुधारली, तरी रोग वेळीच ओळखणे रुग्णाच्याच हाती असते. लघवीतून वेदनेविना एकदा जरी रक्त गेले, तरी ते थांबल्याचे समाधान मानू नये. वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. धूम्रपान हे या रोगाचे प्रमुख कारण असल्याने ते सोडावे. उपचार पूर्ण झाल्यावरही दुर्बिणीची ठरलेली तपासणी चुकवू नये. परतणारा रोग तेथेच प्रथम दिसतो.