डासाच्या पोटातले तीस लाख

डासाची मादी एका बैठकीत साधारण तीन मायक्रोलिटर रक्त पिते. एक मिलिलिटर रक्ताचे हजार भाग केले, तर त्यातले तीन. तिचं स्वतःचं वजन दोन-अडीच मिलिग्रॅम, म्हणजे स्वतःपेक्षाही जड रक्त पोटात भरून ती उडते. आता ती ज्याला चावली त्या माणसाला हिपॅटायटिस बी ची जुनी लागण आहे असं धरू. अशा कित्येक रुग्णांच्या रक्तात मिलिलिटरमागे शंभर कोटी विषाणू असतात. त्या हिशेबाने तीन मायक्रोलिटरमध्ये तीस लाख विषाणू आले.

हा विषाणू ४२ नॅनोमीटरचा. एक लाख विषाणू एकापुढे एक मांडले, तर ओळ होते जेमतेम चार मिलिमीटरची, जवळजवळ डासाच्या अंगाएवढी. त्या फुगलेल्या पोटात अशा तीस ओळी सामावलेल्या असतात. विषाणूच्या नुसत्या रिकाम्या कवचांची गणती यात धरलेलीच नाही. ती विषाणूंच्या हजार पट किंवा त्याहूनही जास्त असतात.

आणि लागण व्हायला किती विषाणू लागतात? चिंपँझींवरच्या प्रयोगांत दहा किंवा त्याहून कमी विषाणूही पुरेसे ठरले. म्हणजे एका डासाच्या पोटात निदान तीन लाख जणांना पुरेल एवढा साठा असतो.

तरीही डास चावल्याने हिपॅटायटिस बी होत नाही. सी सुद्धा होत नाही. असं का, हा प्रश्न भाबडा नाही, आणि तो संशोधकांनी मनापासून विचारलेला आहे. आफ्रिकेत मोकळ्यावर पकडलेल्या डासांच्या अंगात हिपॅटायटिस बी चं प्रतिजन, म्हणजे त्या विषाणूची ओळखखूण, सापडल्याचं 'लॅन्सेट'मध्ये १९७२ साली छापून आलं, तेव्हा अनेकांची झोप उडाली असणार. ढेकणांवरही असाच संशय होता.

उत्तराचा पहिला भाग डासाच्या सोंडेत आहे. आपल्याला एक सुई वाटते, पण तिच्यात सहा बारीक सळ्या असतात आणि मार्ग दोन. एका नळीतून रक्त वर जातं, दुसरीतून लाळ खाली येते. दोन्ही कुठेही एकत्र होत नाहीत. चावताना डास आपल्या अंगात लाळ सोडतो, आदल्या माणसाचं रक्त सोडत नाही. त्यामुळे पोटातल्या तीस लाखांना पुढच्या माणसापर्यंत पोचायचं, तर लांबचा रस्ता धरावा लागतो. आधी आतड्याच्या पेशीत शिरायचं, तिथे वाढायचं, भिंत ओलांडून डासाच्या शरीरद्रवात उतरायचं, लाळग्रंथी गाठायच्या, तिथे पुन्हा वाढायचं आणि मग लाळेत यायचं. डेंगीच्या विषाणूला या प्रवासाला आठ ते बारा दिवस लागतात. डास रक्त पचवतो दोन-तीन दिवसांत. जो विषाणू त्याआधी पेशीत शिरला नाही, तो रक्ताबरोबर पचून गेला.

म्हणून खरा प्रश्न एवढाच उरतो: माणसाचा कावीळ घडवणारा विषाणू डासाच्या पेशीत शिरून वाढू शकतो का?

हे तपासायला डासाच्या पेशी बाटलीत वाढवता आल्या पाहिजेत, आणि ती वाट पुण्याहून जाते. तेव्हाचं व्हायरस रिसर्च सेंटर म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था (एनआयव्ही). तिथे के. आर. पी. सिंग यांनी एडिस डासांच्या नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या अळ्या घेतल्या, त्यांच्या ऊतींतून पेशी वेगळ्या केल्या आणि पोषकद्रवात जगवल्या. १९६७ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. त्यातल्याच एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींतून अकिरा इगाराशी यांनी १९७८ साली सी-६/३६ नावाचा वाण निवडला. आज जगभरातल्या प्रयोगशाळांत डेंगीचा विषाणू वाढवायला हाच वाण वापरतात. पुण्यातल्या त्या इवल्याशा अळ्यांचे वंशज अजून २८ अंश तापमानात दुभंगत आहेत, वाढत आहेत. मराठी वाचकाने हे अभिमानाने लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

सी चा विषाणू इथे जास्त कोड्यात टाकतो, कारण तो डेंगीच्याच फ्लॅविव्हिरिडी कुळातला. दोघांचंही आनुवंशिक द्रव्य म्हणजे आरएनएचा एकेरी धागा: डेंगीचा सुमारे १०,७०० अक्षरांचा, सी चा ९,६००. डेंगीच्या रुग्णाच्या रक्तात मिलिलिटरमागे दहा लाख ते कोटीभर विषाणू असले, की डासाला लागण होण्याची शक्यता भरपूर असते. सी च्या कितीतरी रुग्णांच्या रक्तात दहा लाख सहज असतात. डेंगीचा विषाणू रक्तात आठवडाभर राहतो, सी चा तीस-तीस वर्षं. डासाला मिळणारी संधी दीड हजार पट झाली. नुसती गणती बघितली, तर सी हा डेंगीपेक्षा सरस डासजन्य रोग व्हायला हवा होता.

फ्रान्समधल्या संशोधकांनी २००१ साली तपासून पाहिलं, आणि सी चा विषाणू डासाच्या पेशींना चिकटतो आणि त्यांच्यात आपल्या प्रती काढतो असा निष्कर्ष मांडला. हा निष्कर्ष जपून वाचायला हवा. अशा प्रयोगात पेशींवर विषाणू सोडतात, पेशी धुतात आणि पुढचे काही दिवस आरएनए मोजत राहतात. मोजणी पीसीआरने होते, आणि पीसीआर प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट करतो. चाळीस फेऱ्यांत एका धाग्याचे होतात एक लाख कोटींहून अधिक. धुऊनही बाटलीच्या तळाशी मूठभर विषाणू नुसते चिकटून राहिले, तरी ते ठळक दिसतात. त्यामुळे दिसणं पुरेसं नाही. आकडा दिवसागणिक चढला पाहिजे, आरएनएची उलटी प्रत सापडली पाहिजे, आणि बाहेर पडलेला विषाणू नव्या पेशींना लागला पाहिजे. ही शेवटची पायरी पार होत नाही तोवर, बाटलीतल्या त्या खुणेवरून डास सी पसरवतो असं म्हणता येणार नाही.

अडतं कुठे, हे आता बरंच उलगडलंय. बी चा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो तो एनटीसीपी नावाच्या प्रथिनाला धरून. बीजिंगमध्ये वेनहुई ली यांच्या गटाने ते २०१२ साली शोधलं. या प्रथिनाचं मूळ काम पित्ताचे क्षार पेशीत ओढून घेण्याचं. डासाला यकृत नाही, पित्त नाही. सी च्या विषाणूला निदान चार मानवी प्रथिनं लागतात, आणि आत गेल्यावर वाढायला एमआयआर-१२२ नावाचा छोटासा आरएनएही लागतो. उंदराच्या यकृतात तो पेशीमागे सुमारे ६६,००० प्रतींनी असतो. डासात एकही नाही.

पण विषाणू बदलतात ना? बदलतात, आणि इथले आकडे मला सगळ्यात जास्त थक्क करतात. सी च्या एका रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करायची सोय या विषाणूकडे नाही. ९,६०० अक्षरांत एका अक्षराचे बदल शक्य आहेत २८,८००. एकाच वेळी दोन अक्षरांचे शक्य आहेत सुमारे ४१ कोटी. चुकांचा अंदाजे दर धरून हिशेब केला, तर हे सगळेच्या सगळे बदल एका रुग्णात एका दिवसात होऊन जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सी चे रुग्ण पाच कोटी होते. ढोबळ गुणाकार केला, तर दिवसाला पाचावर एकोणीस शून्यं. भास्कराचार्यांची संख्यानामांची यादी परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी संपते. हे पाचशे परार्ध झाले, आणि तेही फक्त एका दिवसाचे.

एवढं होऊनही सी डासाचा रोग झालेला नाही. एका-दोन अक्षरांच्या बदलाने चार प्रथिनांची गरज सुटत नाही आणि एमआयआर-१२२ चीही सुटत नाही. अनेक बदल एकाच वेळी जमून यावे लागतात, आणि वाटेतला प्रत्येक अर्धवट विषाणू माणसाच्या यकृतातही तगावा लागतो.

वस्तीतला पुरावाही हेच सांगतो. गांबियात घरांत कीटकनाशक फवारून ढेकूण घालवले आणि लहान मुलांमधली बी ची लागण कमी होते का ते पाहिलं. १९९४ साली निकाल आला: ढेकूण गेले, लागण होती तेवढीच राहिली. डासांच्या बाबतीत तर वय हीच मोठी साक्ष आहे. डास लहानमोठा बघत नाही. सी चा विषाणू डासांनी पसरवला असता, तर त्याची नवी लागण सगळ्या वयांत सारखीच दिसली असती. प्रत्यक्षात तो सुयांच्या आणि रक्ताच्या मागे मागे जातो.

रुग्णाला टोचलेली सुई चुकून दुसऱ्याला लागली, तर आत जाणारं रक्त असतं सुमारे एक मायक्रोलिटर, डासाच्या पोटातल्या रक्ताच्या एक तृतीयांश. पण ते पचत नाही, कुठला प्रवास करत नाही, थेट रक्तात उतरतं. लस न घेतलेल्या माणसाला बी होण्याचा धोका अशा एका टोचणीत तीस टक्क्यांपर्यंत जातो, सी चा त्याहून खूपच कमी असतो. इजिप्तमध्ये शिस्टोसोमा या कृमीवरची इंजेक्शनं गावोगाव देताना काचेच्या पिचकाऱ्या पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत हे चाललं. पुढे २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या सुमारे पंधरा टक्के लोकांच्या रक्तात सी ची प्रतिपिंडं आढळली.

सुईचंच आणखी एक उदाहरण: १९४२ साली अमेरिकी सैन्याला पीतज्वराची लस टोचली गेली. पीतज्वर हा डासांमुळे होणारा रोग, आणि लशीत स्थिरतेसाठी माणसाच्या रक्तातला सीरम घातलेला होता. त्या सीरमच्या काही तुकड्यांत हिपॅटायटिस बी होता. जवळपास पन्नास हजार सैनिकांना कावीळ झाली, आणि लागण झालेल्यांचा पुढे केलेला अंदाज तीन लाख तीस हजारांचा आहे.