‘आय सेव्हन’च्या स्टिकरला भुलू नका, ५० हजारांत घरचा कॉम्प्युटर असा जुळवा

विरार : मुलाला इंजिनीअरिंगला किंवा डिप्लोमाला प्रवेश मिळाला, मुलगी अकाउंटचं काम घरी आणायला लागली, कुणी गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं, की कॉम्प्युटर घ्यायचा विषय घरात निघतोच. लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप त्याच पैशांत जास्त काम देतो. त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण सुटे भाग घेऊन जुळवलेल्या, म्हणजेच असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये फसवणुकीलाही जागा असते. वसई, नालासोपारा, विरारच्या स्टेशनबाहेरच्या गल्ल्यांपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत दुकानं भरपूर आहेत. काय मागायचं हे ठाऊक असलं, तर ५० हजारांत पाच-सात वर्षं टिकणारं मशीन उभं राहतं. ठाऊक नसलं, तर १२ वर्षं जुनी चिप नव्या डब्यात घरी येते.

आधी काम ठरवा, मग भाग

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘बजेट किती’ असा येतो. त्याआधी ‘काम काय’ याचं उत्तर घरीच तयार ठेवा. ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

ऑनलाइन फॉर्म, टॅली, टायपिंग, अभ्यास, व्हिडीओ लेक्चर : यासाठी चार कोरचा प्रोसेसर पुरतो, वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही.

लग्नाचे फोटो-व्हिडीओ एडिटिंग, बॅनर डिझाइन, कोडिंग : सहा कोरचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम हवी. ग्राफिक कार्ड नंतर बसवलं तरी चालतं.

मोठे गेम, थ्रीडी डिझाइन : इथे ग्राफिक कार्ड लागतंच आणि बजेट ५० हजारांच्या वर जातं.

पहिल्या प्रकारचं काम असलेल्या माणसाला तिसऱ्या प्रकारचं मशीन गळ्यात मारलं जातं, हा नेहमीचा अनुभव. सातबारा काढायला आणि फॉर्म भरायला ग्राफिक कार्ड लागत नाही. ते पैसे यूपीएसकडे वळवावेत.

नावापुढचा आकडा वाचायला शिका

‘आय सेव्हन कॉम्प्युटर फक्त १५ हजारांत’ अशा जाहिराती मोबाइलवर येत असतात. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही नुसती श्रेणी आहे. वय कळतं ते पुढच्या आकड्यावरून. आय७-२६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी, ही चिप २०११ सालची. आय३-१२१०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. दोन्हींत चारच कोर आहेत, पण साधा म्हणवणारा हा आय थ्री त्या जुन्या आय सेव्हनच्या जवळपास दुप्पट वेगाने काम करतो, काही कामांत त्याहूनही जास्त. बैलाचं वय दात बघून कळतं, तसं प्रोसेसरचं वय या आकड्यावरून कळतं.

स्वस्त जाहिरातीतला मदरबोर्ड बऱ्याचदा खरंच नवा असतो, त्यावर बसवलेली चिप मात्र एखाद्या ऑफिसातून भंगारात निघालेली असते. ती लगेच बंद पडेल असं नाही. अडचण पुढे येते. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. म्हणजे जुनी चिप घेतली, की बँकेचे आणि आधारचे व्यवहार सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर करायची वेळ येते.

आकड्यानंतरचं इंग्रजी अक्षरही बघा. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. हा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून लोक घेतात आणि मग अडकतात. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर उलटं आहे. तिथे ‘जी’ अक्षर असेल तर ग्राफिक आतच असतं. रायझन ५ ५६००जी मध्ये ते आहे, नुसत्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही.

आज मध्यम बजेटमध्ये आय३-१२१००, आय५-१२४०० आणि रायझन ५ ५६००जी हे तीन पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत. शेवटचे दोन सहा कोरचे. व्हिडीओ एडिटिंग करणाऱ्याने ‘एफ’ नसलेला आय५-१२४०० घ्यावा. त्यातलं आतलं ग्राफिक व्हिडीओ फाइल तयार करण्याच्या कामात चांगली मदत करतं.

मदरबोर्ड : सॉकेट जुळलं पाहिजे

प्रोसेसर आणि बोर्ड ही जोडी आहे. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीला एलजीए १७०० सॉकेटचा बोर्ड लागतो. साध्या कामाला एच६१० पुरतो, पुढे वाढवायचं असेल तर बी६६० किंवा बी७६० बघा. ५६००जी ला एएम४ सॉकेटचा ए५२० किंवा बी५५० बोर्ड चालतो. जुना बी४५० स्वस्तात मिळाला तर त्याचा बायोस अपडेट केला आहे का, हे आधीच विचारा, नाहीतर मशीन चालूच होणार नाही.

बोर्डवर एम.२ स्लॉट आहे का आणि रॅमचे स्लॉट किती, हे दोन प्रश्न नक्की विचारा.

रॅमचा भाव चढलाय, म्हणून हिशोब बदला

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर चढले. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात. एआयच्या मोठाल्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढली, तसा त्यांनी आपला माल तिकडे वळवला. घरगुती कॉम्प्युटरची रॅम कमी पडली आणि एसएसडीही महागली. दुकानदार भाव वाढवून सांगतोय असं वाटलं, तर या एका भागाबाबत त्याचं म्हणणं खोटं नसू शकतं. तरी दोन-तीन ठिकाणी विचारून खात्री करावी.

यावर उपाय आहे. १६ जीबी एकदम जमत नसेल, तर ८ जीबीची एकच काडी घ्या आणि एक स्लॉट मोकळा ठेवा. भाव उतरला की तशीच दुसरी काडी लावा. दोन काड्या जोडीने चालल्या की वेग वाढतो, आणि ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा फायदा जास्त होतो. मात्र डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. घरात जुन्या मशीनची डीडीआर४ रॅम पडलेली असेल, तर डीडीआर४ चाच बोर्ड घ्यावा, मोठी बचत होते.

विंडोज आणि सॉफ्टवेअर एसएसडीवरच हवं. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते, साटा एसएसडी सुमारे ५५० आणि एनव्हीएमई एसएसडी ३,००० च्या पुढे जाते. ५०० जीबीची एनव्हीएमई घ्या. लग्नाच्या शूटिंगच्या फाइली ठेवायला जुनी हार्ड डिस्क जोडीला चालेल.

एसएमपीएसमध्ये काटकसर नको

सगळ्यात जास्त नुकसान या एका भागामुळे होतं. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या हलक्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं, पण तेवढी ताकद तो देईलच असं नाही. तो जळाला तर जाताना बोर्ड आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस शिक्का असलेला, ४५० ते ५५० वॉटचा वेगळा एसएमपीएस घ्यावा. ८० प्लस म्हणजे तो वीज वाया कमी घालवतो आणि कमी तापतो.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा झपकन जाते आणि येते, हे वेगळं सांगायला नको. म्हणून यूपीएस हा कॉम्प्युटरचाच भाग धरा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, साधारण ३६० वॉट. ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला काम सेव्ह करून बंद करण्यापुरता तेवढा पुरतो. त्याला प्रिंटर जोडू नका, लेझर प्रिंटर तर नाहीच.

अर्थिंग तपासून घ्या. वायरमनला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो एक-दोन व्होल्टच्या आत असावा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, कॉम्प्युटर नंतर चालू करा.

खारी हवा, ओल आणि पाणी

अर्नाळा, कळंब, भुईगाव, नायगाव या किनाऱ्याच्या पट्ट्यात लोखंडाला गंज लवकर चढतो, मग कॉम्प्युटर कसा सुटेल? रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ साचला की मशीन चालू होतं, पण पडदा काळा राहतो. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज २०-२५ मिनिटं मशीन चालू ठेवावं, आतल्या उबेने ओल कमी होते. कॅबिनेटला मागची सगळी झाकणं आहेत ना ते बघा, नाहीतर पाली आणि मुंग्या आत घर करतात. पुढे धूळ अडवणारी जाळी असावी. रंगीत लाइटसाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही.

जुलै २०१८ च्या पुरात वसई, नालासोपारा, विरारमध्ये घराघरांत पाणी शिरलं होतं आणि कित्येक भागांत वीज बंद होती. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅबिनेट आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नयेत, टेबलावरच ठेवावेत.

५० हजारांची वाटणी

भाव महिन्यामहिन्याला बदलतात, म्हणून ही वाटणी ढोबळ समजावी.

प्रोसेसर : १२,५०० रुपये
मदरबोर्ड : ७,५०० रुपये
रॅम आणि एसएसडी मिळून : १५,००० रुपये
एसएमपीएस : ३,००० रुपये
कॅबिनेट : २,००० रुपये
मॉनिटर : ६,५०० रुपये
कीबोर्ड-माउस : १,००० रुपये
यूपीएस : २,५०० रुपये

हात आखडायचाच असेल तर आय फाइव्हऐवजी आय थ्री घ्या, कॅबिनेट साधं घ्या, मॉनिटर लहान घ्या. एसएमपीएस आणि यूपीएसला हात लावू नका.

खरं विंडोज वेगळं विकत घ्यावं लागतं, त्याचे पैसे या यादीत नाहीत. चोरीचं विंडोज ‘फुकट टाकून देतो’ असं कुणी म्हटलं तर नको म्हणा, त्यासोबत व्हायरस येऊ शकतो. उबुंटू आणि लिब्रेऑफिस मोफत आहेत, त्यात मराठी युनिकोड टायपिंगही होतं. टॅली किंवा ठरावीक एडिटिंगचं सॉफ्टवेअर लागत असेल, तरच विंडोजचा खर्च धरा.

कुठून घ्यावं?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की जवळच लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथे माल भरपूर आणि भावात घासाघीस होते. पण एखादा भाग वॉरंटीत द्यायची वेळ आली तर पुन्हा तेवढी लोकल, आणि एक दिवसाची रोजी जाते. जव्हार-मोखाड्याकडच्यांना तर आधी एसटी, मग लोकल. हजार-पाचशेचाच फरक असेल, तर जवळच्या दुकानातून घेतलेलं परवडतं. ऑनलाइन मागवलं, तर खोका उघडतानाचा अखंड व्हिडीओ मोबाइलवर काढून ठेवा.

दुकानात नेण्याची चिठ्ठी

• तीन दुकानांतून भागाचं पूर्ण नाव आणि मॉडेल लिहिलेलं कोटेशन घ्या. ‘आय५, १६ जीबी, एसएसडी’ एवढंच लिहिलेलं कोटेशन बिनकामाचं.

• प्रत्येक भाग सीलबंद खोक्यात आणि तुमच्यासमोर उघडलेला असावा. खोक्याशिवाय येणाऱ्या ‘ट्रे’ प्रोसेसरला सहसा पंखा आणि कंपनीची वॉरंटी मिळत नाही.

• मशीन दुकानातच चालू करून बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचं नाव आणि रॅम किती दिसते ते वाचा, फोटो काढा.

• जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर हवेत. कच्च्या बिलावर हजार रुपये वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी हात रिकामे राहतात.

• खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवा.

• दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तिथेही पहिल्यांदा बिलच मागतात.