बँडला ताट दिसत नाही

गेल्या रमजानला धाकट्या भावाने माझ्या मनगटावर फिटनेस बँड बांधला. "भाईजान, रोज किती कॅलरी जळल्या ते कळेल. ईदपर्यंत तीन किलो जातील बघा!" महिनाभर रोजे केले, तरावीहची नमाज चुकवली नाही. ईदच्या आदल्या दिवशी वजनकाट्यावर उभा राहिलो, तर वजन दोन किलोने वाढलेलं! रक्तातली साखर काठावर असल्याचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती.

शेजारचे काका मात्र हसले. म्हणाले, "अहो भाऊ, आमची 'एकादशी अन् दुप्पट खाशी' तुमच्याकडेही पोचली की!"

काकांचं खरं होतं. संध्याकाळी बँडवर दोन हजारांचा आकडा दिसला की इफ्तारला मी हक्काने एक समोसा जास्त उचलायचो. पण बऱ्याच बँडच्या त्या आकड्यात श्वास, हृदयाचे ठोके, झोप यांसाठी लागणारी ऊर्जाही धरलेली असते. ती काही वरकमाई नव्हे.

शिवाय तो आकडा अंदाजाचा. बँडचा हिरवा प्रकाश नाडीचे ठोके टिपतो, आतला सेन्सर हाताची हालचाल टिपतो. त्याला आपलं वय, उंची, वजन जोडून हिशेब मांडला जातो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात उपकरणं तपासली. ठोके बहुतेकांनी नीट मोजले. कॅलरीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं, सर्वांत वाईट तर ९३ टक्के!

आणि ताट तर बँडला दिसतच नाही. चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण १६ कॅलरी. सरबताच्या पेल्यात असे पाच चमचे सहज जातात. पोह्यांचा एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. भजी किती तेल पितात, हे कढईच जाणे.

यंदा बँड हातावर आहे, पण तो फक्त पावलांसाठी. काल किती चाललो, आज किती, एवढंच बघतो. वजन दर जुम्म्याला सहरीआधी, त्याच काट्यावर. इफ्तारला तीन खजूर, पाणी आणि फळं. मग मगरिबची नमाज आणि त्यानंतर साधं जेवण. तळण आठवड्यातून एकदाच. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही पैगंबरांची शिकवण लहानपणापासून ऐकत आलो. ताटात ती आत्ता उतरते आहे.

आज पंधरावा रोजा. काटा अर्धा किलोने खाली आला आहे. फार नाही, पण उलटा तरी फिरला नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र रोजा धरण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं. तो सल्ला बँड देणार नाही.

काल काकांना इफ्तारला बोलावलं होतं. समोशांची बशी शोधत ते म्हणाले, "भाऊ, यंदा खरी एकादशी दिसतेय!"